मामा आणि नवी बाग

आमच्या हिच्या मामांइतका ‘किती’ या शब्दाला भिणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. मामा निफाडकडचे द्राक्षबागायतदार. माल गाडीत चढेपर्यंत बागेत किती निघेल हे तोंडातून काढायचं नाही, काढलं की गारपीट आलीच म्हणून समजा, असा त्यांच्या गावातला जुना समज. बाकीचे लोक तो बागेपुरता पाळतात. मामांनी तो सगळ्या संसाराला लावला. मुलीच्या लग्नात आचारी विचारून विचारून थकला, “अण्णा, पानं किती धरू?” मामा म्हणाले, “येतील तेवढी.” परिणाम असा झाला, की शेवटच्या पंगतीला भात संपला, वधूपिता स्वतः चिवड्यावर जेवले, आणि जिलबी मात्र त्या घरात पुढं कित्येक दिवस सकाळच्या चहाबरोबर चालू होती. एसटीत कंडक्टरनं “किती द्यायची?” म्हटलं, की मामा आधी मामींकडे बोट दाखवतात, मग स्वतःकडे. एकदा नाशिकला आमच्याकडे आले असताना ही सहज बोलून गेली, “मामा, किती दिवस आहात?” मामांनी पिशवी उचलली आणि चपला घालायला लागले. “आता तू इचारलंस ना पोरी, मंग आजच जावं लागन!” त्यांना परत बसवायला पुरणपोळीचा घाट घालावा लागला.

दुसरा हट्ट फवारणीचा. बागेत औषध मारताना मामा तोंडाला कधी काही बांधायचे नाहीत. “बांधलं की औषधाचा वास कळत नाय,” हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे डाव्या गालाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मामांनी निदान जागेवर केलं, की औषध लागलं. मामी म्हणाल्या डॉक्टरला दाखवा, पण गल्लीतल्या झाडून सगळ्या बागायतदारांनी मामांचीच री ओढली. कारण फवारणीनंतर कुणाला खाज येते, कुणाचे डोळे चुरचुरतात, त्यात नवल ते काय! कुणी ताक लावायला सांगितलं, कुणी तूप. मामांनी दोन्ही लावलं, शिवाय वारा उजव्या अंगानं घेत फवारायला सुरुवात केली, म्हणजे मुंग्या दोन्ही गालांना सारख्या वाटल्या जातील. मुंग्या डावीकडेच राहिल्या. मग एका सकाळी चहाचा घोट ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला, आणि आयुष्यात नवऱ्याचा शब्द कधी न मोडणाऱ्या मामींनी त्यांना गाडीत घालून सरळ आमच्या दारात आणलं.

कानापुढे खोल एक बारीक गाठ निघाली. कर्करोगाची. ऑपरेशन झालं, आणि तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला मामांच्या खाटेपाशीच बसवून समजावलं. गाठ पूर्ण निघाली होती. पण चेहरा हलवणारी जी नस तिथल्या लाळेच्या ग्रंथीतून जाते, तिच्या कडेकडेनं रोगाच्या पेशी पुढे सरकल्या होत्या. त्या मुंग्या, तो ओघळलेला चहा, सगळं त्यामुळेच. नसेची एक फांदी काढावी लागली होती. “पेशी नसेला धरून गेल्या असल्या, की आजार परत उद्भवायचा धोका वाढतो,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून आता रेडिएशन द्यायचं. त्यानं पुष्कळ जणांना चांगला फायदा होतो.” मामींनी पदर घट्ट धरला. “पण मंग डॉक्टर, यांच्याकडं आता कि...”

बँडेजातून आवाज आला, “ए, इचारू नको!”

डॉक्टर बघतच राहिले. मी त्यांना मामांची रीत सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, “बरंच आहे. कारण नेमकं मलाही सांगता येणार नाही.”

रेडिएशनसाठी मामा आमच्याकडेच राहिले. उपचाराच्या वेळी डोकं हलू नये म्हणून तिथे चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बसवतात. जन्मभर तोंडाला रुमाल न बांधलेल्या माणसाचं तोंड रोज टेबलाला जखडलं जायचं, आणि तरी मामांनी तिथल्या बाईंना विचारलंच, “मॅडम, झाल्यावर ह्यो घरी न्यायला मिळंल का? फवारणीला भारी हे!” तोंड आलं, जेवणाची चव गेली, वजन उतरलं. हिनं केलेली पेज गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि मामा म्हणायचे, “लय गरम केली पोरी.” पेज गार असायची. मला तेव्हा स्वयंपाकघरात थांबवत नसे.

उपचार संपल्यावरच्या एका तपासणीला मामींबरोबर मीही होतो. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक दिसतंय. आम्ही उठलो. मामा दारापर्यंत गेले आणि तिथूनच वळले.

“सायेब, एक इचारतो. घरामागचं रान मोकळं पडलंय. तिथं नवीन बाग लावावी का?”

डॉक्टर गोंधळले. “माल कधी येतो अशा बागेला?”

“लगेच कुठं? आधी खुंट लावायचा, मंग त्याच्यावर कलम करायचं, मांडव उभा करायचा, वेल चढवायचा...” मामा वर्षांचा आकडा काही बोलले नाहीत. मामी खाली बघत होत्या. मामा काय विचारतायत ते आता खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “हमी मी देत नाही. तपासणीला वेळच्या वेळी यायचं. पण मी तुमच्या जागी असतो, तर लावली असती.”

“मंग लावतो,” मामा म्हणाले. मामी तिथेच रडायला लागल्या.

गेल्या महिन्यात आम्ही ती बाग बघायला गेलो. कलमं जगलीत, कोवळे शेंडे बांबूला धरून वर निघालेत. मामांचा डावा डोळा पुरता मिटत नाही, बोलताना ओठ वाकडा होतो, आणि हसताना चेहऱ्याची एकच बाजू हसते. माझा या माणसावर फार जीव आहे, हे मला तिथे चिखलात उभं असताना नव्यानं जाणवलं. मामा एक शेंडा सुतळीनं बांधत म्हणाले, “ह्या बागेची पहिली पेटी डॉक्टरसायबांना.”

“पण ती तुम्ही सोता नेऊन द्यायची,” मामी म्हणाल्या.

मामांचा हात सुतळीवर थांबला. पुढचं काहीही कबूल न करणारा हा माणूस आता विषय बदलणार, असं मला वाटलं. त्यांनी गाठ मारली, शेंडा नीट बसला का ते पाहिलं.

“नेतो की,” मामा म्हणाले.