देवमाळची काठी

एसटीनं मला मोठ्या गावाच्या फाट्यावर उतरवलं, कारण देवमाळला थांबाच नाही. टपरीवर वाट विचारली. "देवमाळ? असलं गाव न्हाई हितं," टपरीवाला म्हणाला आणि हातानं माळाकडची वाट मात्र बरोबर दाखवली.

माझे यजमान हिवाळ्यात गेले. कॉलेजात ते आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवत. त्यांचा जुना विद्यार्थी भानुदास इथला. यात्रेचं आमंत्रण खरं तर त्यानं ह्यांनाच दिलं होतं. त्यांच्याऐवजी सावेडीहून मी आले.

दोन्ही बाजूंना ज्वारी काढलेली रानं, कडब्याच्या गंजी. उन्हानं डोकं तापलं तेव्हा कुठे घरं दिसली. भानुदासच्या बायकोनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली कडबोळी) वाढले.

"काकू, पेपर वाचला का?" भानुदास म्हणाला. "तिकडं एक देश आपला आपनच सोतंत्र झाला. किती वर्सं कुनी इचारीना. आता एकानं मान्यता दिली. सर असते तर तासभर बोलले असते."

"दोन तास," मी म्हणाले.

"आन् ह्ये ऐकत बसले असते," त्याची बायको म्हणाली. "गाई कुनी पाजायच्या?"

देवमाळ म्हणजे मोठ्या गावाची माळवस्ती. उन्हाळ्यात गावचा टँकर वर यायचाच नाही. शेवटी सगळ्यांनी बसून ठराव केला : आजपासून आपण वेगळं गाव. सरकारी कागद काहीच नाही. आज मात्र ते पहिल्यांदा आपली स्वतंत्र काठी (निशाणं बांधलेला देवाचा उंच बांबू) घेऊन मोठ्या गावाच्या यात्रेला निघाले होते. तिथली रीत अशी की परगावची काठी वेशीवर आली, की ती धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि गूळ द्यायचा. वाड्यावस्त्यांच्या काठ्यांना हा मान नाही, त्या घरच्याच. पाणी पडलं तर देवमाळ, नाहीतर माळवस्ती.

काठी भानुदासनं धरली होती. वेशीवर हलगी थांबली. पाणी घालण्याचा मान सोनाबाई नावाच्या म्हातारीच्या घराचा. ती कळशी घेऊन पुढं आली, तसे सरपंच ओरडले, "आत्ये, थांब! ही परगावची न्हाईत, आपलीच मानसं हायती!"

"आपली व्हय?" म्हातारी वळली. "मंग टँकर का न्हाई धाडला रं?"

मागून एकजण हसला. सोनाबाईनं भानुदासच्या पायांवर कळशी रिकामी केली आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. देवमाळच्या पोरींनी टाळ्या पिटल्या, हलगी कडाडली.

भानुदास रडत होता. मला वाटलं, आनंदानं. जवळ गेले तेव्हा म्हणाला, "काकू, माझ्या आज्यानं हितल्याच देवळाचे दगड वाह्यले. आज ह्यांनी मला पाव्हना केला."

"ठराव परत घ्यायचा का मग?" मी विचारलं.

"न्हाई. आता न्हाई." त्यानं गूळ तोंडात टाकला आणि काठी उचलली.

मान्यतेनं राज्य जन्माला येतं, की असलेलं राज्य फक्त कबूल केलं जातं, यावर आमचे हे वर्गात दोन्ही बाजू मांडत. कबूल होताना काय हातचं जातं, ते मी त्या ओल्या मातीत उभी राहून पाहिलं.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. एक बाई पिशवी सांभाळत आली. "कुनी येनार हाय का हितं?"

हिवाळ्यापासून या प्रश्नाला मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेत होते.

"नाही," मी म्हणाले. "कुणी येणार नाही. बसा."