सातव्यांदा पन्हाळा, पहिल्यांदा पुसाटी बुरूज

माझी आई सहा वेळा पन्हाळ्याला गेली होती आणि तिनं पन्हाळा पाहिला नव्हता.

हे मला कळलं ते माझ्या भाचीमुळे. सन्मती, दादाची मुलगी, बालवाडीत आहे. बाईंनी किल्ल्याचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आजीला विचारलं, "अव्वा, पन्हाळ्यावर काय हाय?" आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "नळ हाय. बागेच्या बाजूला. पाणी लई बारीक येतंय."

सन्मतीनं खरोखर नळाचं चित्र काढलं. घरात सगळे हसले. मी पण हसले आणि मग माझी मलाच लाज वाटली. सहा वेळा गडावर गेलेल्या बाईला गडावरचा एक नळ तेवढा आठवतो, यात हसण्यासारखं काय आहे?

तर गोष्ट अशी. आम्ही जैन शेतकरी, गाव हातकणंगल्यापासून थोडं आत. माझे वडील अण्णा आणि आई सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाण्याचा घोटही घेत नाहीत. कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी फडक्यातून गाळलेलं. शिवाय अण्णांना सकाळचं संध्याकाळी चालत नाही, ताजंच लागतं. त्यामुळे आमची सहल कुठंही जावो, चार वाजले की आई सावली आणि पाणी शोधते, स्टोव्ह मांडते आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना जेवू घालते. बाकीचे तोवर फिरून येतात. नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो ज्याचा त्यानं पाळावा. पण नियम दोघांचा आणि स्टोव्ह एकटीचा, हे कुठल्या धर्मात बसतं?

सन्मतीचा पाचवा वाढदिवस जानेवारीतल्या एका रविवारी येत होता. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी, आणि आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मी जाहीर केलं की वाढदिवस पन्हाळ्यावर, पेट्रोल माझ्याकडून, आणि या खेपेला आई पुसाटी बुरुजावरून सूर्यास्त बघणार. मी वेळापत्रकच लिहिलं. पाचला जेवण, साडेपाचला निघणे, पावणेसहाला पुसाटी बुरूज, सव्वासहाला सूर्यास्त. पुढे कंसात लिहिलं, "सगळे".

आदल्या दिवशी अण्णांना म्हटलं, "घरातनं डबा नेऊया की."

"शिळं खाऊ का मी? नियम हाय माझा," अण्णा म्हणाले आणि पेपर उलटला. सकाळी व्हॅनच्या मागच्या सीटखाली पोत्यात गुंडाळलेला पंपाचा स्टोव्ह मला दिसला.

दहाला निघालो. तुम्ही जानेवारीत जाणार असाल तर वेळ हातात ठेवून निघा. साखर कारखाने चालू असतात आणि शिरोलीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्ता अडवतात. आम्हाला कोल्हापूर गाठायलाच सव्वा तास लागला. तिथं एका बेकरीतून बिनअंड्याचा केक घेतला, दीडशे रुपये. मग शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, रत्नागिरीच्या रस्त्यानं जायचं आणि वाघबीळपाशी गडाकडे वळायचं. घाटात वळणं आहेत, लहान मुलांना पोटभर खाऊ घालून नेऊ नका. दोन वर्षांच्या दर्शननं, सन्मतीच्या भावानं, तिसऱ्या वळणावर वहिनीच्या साडीवर सगळं दूध ओकलं. गडावर शिरताना गाडीची आणि माणशी पावती घ्यावी लागते, थोडे सुटे ठेवा.

आधी अंबारखाना पाहिला. दगडी कोठारं एवढी उंच की आत हाक मारली की हाक परत येते. सन्मतीनं स्वतःचंच नाव पाच वेळा ओरडून घेतलं. मी तिला सांगितलं की इथं सगळ्या गडाला पुरेल एवढं धान्य साठवत.

"मग ते शिजवत कोण हुतं?"

"असतील कुणीतरी," दादा म्हणाला.

आई तेव्हा बाहेर व्हॅनमध्ये होती. दर्शन तिच्या मांडीवर झोपला होता आणि त्याला उठवायचं नव्हतं.

मग तीन दरवाजा. कोरीवकाम डोळ्यांत भरतं, आणि त्याच दगडावर खिळ्यानं कोरलेली पोरांची नावं त्याहून जास्त भरतात. ज्यांनी ती कोरली त्यांना महिनाभर हातानं दगड घासायला लावलं पाहिजे. खाली उतरताना सन्मतीला बाथरूमला लागली. बायकांच्या बाथरूमला कुलूप. किल्ली कुणाकडं म्हणून विचारलं तर तिथला एक जण म्हणाला, "त्यो जेवाय गेलाय, बसा की जरा." पाच वर्षांच्या मुलीला काय सांगू, जरा बस म्हणून? पुरुषांचं मात्र सताड उघडं होतं, त्याला कुलूपच नव्हतं. वहिनीनं आणि मी ओढणीचा आडोसा धरला. लहान मुली घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून एक चादर जवळ ठेवा.

चारच्या सुमाराला बागेच्या बाजूला आलो. झाडाखाली सतरंजी टाकली, केक कापला. आईनं सन्मतीला ओवाळलं, तिच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि लगेच कळशी घेऊन नळाकडे गेली. तोच नळ. तिनं फडकं बांधलं आणि पाणी भरायला बसली.

शेजारी झुणका-भाकरीच्या पाट्या घेऊन बायका बसतात. तीस रुपयांत दोन भाकरी, झुणका, दही, ठेचा. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खा, भाकरी समोर थापून देतात. त्यांतली एक आईचा खटाटोप बघत होती. ती म्हणाली, "काय वं मावशी, घरात चूल आन् हितंबी चूलच?"

"मग काय करायचं? खाणारं तोंड घरात ठेवून येतंय व्हय?" आई म्हणाली.

"आमाला पैसं तरी मिळत्यात," ती बाई म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत मी स्त्री-पुरुष समानतेवर छान बोलले होते, ते सगळं मला तिथं आठवलं.

गडावर वारा फार. स्टोव्ह तीनदा विझला. आईनं सतरंजीची भिंत केली, वहिनी पीठ मळायला बसली तोवर दर्शन उठून रडायला लागला, म्हणून तिला उठावं लागलं. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, वाढदिवसाचा शिरा आणि भाकरी. पाच केव्हाच वाजून गेले. साडेपाचला अण्णांचं ताट वाढलं गेलं. मग दादा, मुलं, वहिनी. मग मी. होय, मी पण. गरम भाकरी तव्यावरून ताटात येत होती आणि मी जेवता जेवता या लेखासाठी बुरुजांची नावं टिपून घेत होते. आईचं ताट रिकामंच आहे हे मी पाहिलं तेव्हा पावणेसहा झाले होते आणि माझ्या मांडीवर ते वेळापत्रक होतं. "सगळे." भाकरी कोण थापणार, भांडी कोण घासणार, यासाठी मी त्यात एक मिनिटही धरलं नव्हतं. तो कागद अण्णांनी लिहिला नव्हता, मीच लिहिला होता.

"चला की," दादा गाडीची किल्ली वाजवत म्हणाला. "सूर्य थांबत न्हाय."

"तुमी जावा. मी दोन घास खाते, तवर हे आवरतंय," आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, तू नाहीस तर हे सगळं कशासाठी केलं?"

"पुढल्या टायमाला," आई म्हणाली. हे तिनं सहा वेळा म्हटलं असणार.

सन्मती सतरंजीवर फतकल मारून बसली. "वाढदिवस माझा हाय. अव्वा न्हाय तर मी पण न्हाय."

"जेव आदी," अण्णा आईला म्हणाले, समजुतीनंच. "दिवस हाय अजून अर्धा तास."

आईनं ताटाकडे पाहिलं, मग झाडांच्या मागं उतरलेल्या उन्हाकडे. तिचा हिशोब सोपा होता. जेवली तर बुरूज गेला, बुरुजावर गेली तर आजचं जेवण गेलं, पाणीसुद्धा. ती उठली. हात धुतले, पदर खोचला, तांब्यातलं गाळलेलं पाणी घटाघटा पिऊन घेतलं.

"आज ऱ्हाऊ दे जेवण."

"उपाशी ऱ्हाणार?" अण्णा म्हणाले. "आन् हे सामान?"

"सामानाजवळ तुमी बसा की. लई सोपं काम हाय. मी सहा डाव केलंय."

दादा हसू दाबत गाडीकडे पळाला. अण्णा ताटावरच बसून राहिले.

पुसाटी बुरूज गडाच्या पश्चिम टोकाला आहे, बागेपासून गाडीनं थोडकाच रस्ता. शेवटचं अंतर चालायचं, लहान मुलांचा हात सोडू नका, कडेला कठडा सगळीकडे नाही. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या बोटभर वर होता. खाली एकामागं एक निळे डोंगर, मधूनमधून धूर. आई काठापासून दोन हात लांब उभी राहिली, सन्मतीला घट्ट धरून.

"तिकडं पल्याड काय हाय?"

"कोकण," मी म्हटलं.

सूर्य डोंगराला टेकला, चपटा झाला, अर्धा राहिला. आसपासची पोरं शिट्ट्या मारत होती. आई एकदम म्हणाली, "रोज ह्यो असा जातोय व्हय?"

लग्न होऊन तिला तीस वर्षं झाली. तीस वर्षं ती रोज संध्याकाळी सूर्याकडे बघते, पण ते आमटी उकळली का, भाकरी किती राहिल्या, एवढ्यासाठी. मावळताना तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

परत आलो तर अंधारून आलं होतं. अण्णा झाडाला टेकून, कानाला उपरणं गुंडाळून बसले होते. विझलेल्या स्टोव्हभोवती सगळी भांडी तशीच पडली होती. एक ताट मात्र धुऊन पालथं घातलेलं होतं. त्यांचं स्वतःचं.

"किती वेळ लावलासा," ते म्हणाले. "हितं वारं किती हाय."

"व्हय," आई म्हणाली. "मला म्हाईत हाय."

भांडी दादानं आणि मी घासली. दादानं आयुष्यात पहिल्यांदा, आणि वहिनी त्याला कढई दाखवून "हितं ऱ्हायलंय" म्हणत होती. पाणी खरंच फार बारीक येतं.

घाट उतरताना दर्शननं पाण्याची बाटली मागितली. आईनं झाकण उघडून त्याला पाजलं, तिचे ओठ सुकलेले मला दिसत होते. ती नियम मोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिनं मोडावा असंही मला वाटत नाही. पण गडावर आम्ही सगळ्यांनी जी पावती फाडली ती सारख्या दराची होती, आणि आईला वर आणखी एक जेवण मोजावं लागलं. पाच मिनिटांच्या सूर्यास्तासाठी. बाकी कुणाला काहीच मोजावं लागलं नाही.

तुम्ही मुलं घेऊन पन्हाळ्याला जाणार असाल तर रस्ते, दर, वेळा वर दिल्या आहेत. एवढंच करा, निघण्याआधी घरात विचारा की तिथं गेल्यावर कोण काय करणार. आणि "सगळे" असं लिहू नका. नावं लिहा. आमच्या पुढच्या वेळापत्रकात नळासमोर अण्णांचं नाव आहे, तव्यासमोर माझं. अण्णांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा पेपर उलटला. त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर आईनं पाणी घेतलं, एक तांब्या संपवून दुसरा. सन्मती चित्रकलेची वही घेऊन तिच्यासमोर बसली. नळाचं पान तिनं फाडून टाकलं होतं.

"अव्वा, सांग परत. पन्हाळ्यावर काय हाय?"

आई सांगू लागली. डोंगर कसे एकाच्या मागं एक, धूर कुठनं येत होता, सूर्य आपल्या पायाच्या खाली कसा जातो, जाताना कसा चपटा होतो. सन्मतीनं केशरी खडू संपवला. मग तिला आठवलं.

"आन् नळ?"

"नळाचं मला काय इचारतीस," आई म्हणाली, आणि ओसरीवर पेपर वाचणाऱ्या अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या आज्जाला इचार."