डोंगराच्या भेगेवर बांधलेला धागा

काका सुरतेला आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. वडिलांचे हे चुलतभाऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी, गावात, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. तिथल्या गोडादरा भागातल्या आमच्या खोलीत नीट बसायच्या आधीच ते म्हणाले, "दादा, डोंगर फाटी ऱ्हायना. आक्काले तठून काढ."

घरामागच्या डोंगराला भेग पडतेय, असं ते सांगत होते. आक्का म्हणजे माझी विधवा आत्या. गावच्या घरात ती एकटीच राहायची.

वडिलांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. काका गेल्यावर मात्र आईला म्हणाले, "घर रिकामं व्हयनं का हाऊ भिंत सरकाई लई." हद्दीवरून दोघांचं जुनं वाकडं होतं.

खरं तर गावाने आधी दोनदा मार खाल्ला होता. वडिलांच्या जन्माआधी डोंगराची कड सुटली आणि जुनं गाव गाडलं गेलं. उरलेल्यांनी खाली नाल्याकाठी घरं बांधली. वडील दहा-बारा वर्षांचे असताना, गावात कडक ऊन आणि वर डोंगरात पाऊस, अशा एका दुपारी नाल्याला लोंढा आला. गुरं, धान्य, भांडी, सगळं वाहून गेलं. लोक पुन्हा वर सरकले. हे वडिलांना तोंडपाठ होतं. तरी त्यांना संशय आला तो माणसाचा, डोंगराचा नाही.

आठवड्याभराने ते निघाले. शाळा सुरू व्हायची होती म्हणून मलाही नेलं. घरामागच्या चढावर वीतभर रुंद भेग होती. वडील गुडघ्यांवर बसले, आत हात घालून कडा चाचपल्या. कुदळीचे घाव शोधत होते.

"मी खंदी का काय?" काका मागून म्हणाले.

 वडील सुरतेत कापडाचे लूम चालवायचे. येताना पिशवीत धाग्याची बॉबिन घेऊन आले होते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांनी मधलं अंतर वितीने मोजलं, धागा ताणून बांधला आणि आक्काला बजावलं, "कोन येस, कोन जास, ध्यान ठेव."

तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या सकाळी धागा तुटलेला होता.

वडिलांनी आधी आक्काला विचारलं, "काल कोन येल व्हतं?" कोणीच आलं नव्हतं. मग त्यांनी धाग्याचं टोक उचलून उजेडात धरलं. ब्लेडने कापलं तर टोक सरळ राहतं. हे ताणून बारीक झालेलं होतं, पीळ उलगडलेला. वडिलांनी खुंट्यांमधलं अंतर पुन्हा वितीने मोजलं. चार बोटं वाढलं होतं. त्यांचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आज निंघानं," एवढंच म्हणाले.

आक्काची ट्रंक काकांनीच डोक्यावर घेतली. काकू आणि पोरं शाळेच्या इमारतीत गेली, मागोमाग गल्लीतले बाकीचेही. पाचव्या दिवशी चढ खाली आला. आमचं घर, काकांचं घर, मधली भिंत, काहीच उरलं नाही. माणूस एकही गेला नाही.

वडिलांनी काकांची माफी मागितली नाही. पुढे सपाटीवर नवे प्लॉट मिळाले, तेव्हा मात्र हट्टाने काकांच्या शेजारचाच मागून घेतला. मला ते फार बरं वाटलं. तसं मी आईला बोलले, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "बरं कसानं? नजर ठेवाले घीदा तो प्लॉट त्यासनी."