दोन किलोपर्यंत

नातीच्या मुरगळलेल्या घोट्याला बाम चोळत होते, त्या वासानं उमरग्यातल्या आमच्या किराणा दुकानामागची खोली आठवली. मी पस्तिशीची, मोडलेल्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं आणि नागपंचमी पंधरा दिवसांवर. गल्लीत फुगडीला माझ्यासारखी कुणी न्हाय, ही माझी मिजास. त्यामुळं एका जागी बसवत नव्हतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले होते, "आता पायावर हळूहळू वजन द्यायला लागा." मी शहाणी! तराजूची लोखंडी वजनं मागवली, खाटेवर पाय लांब केला आणि रोज नडगीवर ठेवत बसले. आधी पाव किलो, मग अर्धा. थंडगार लोखंड, हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे आणि माझी नुसती तडफड. पंचमीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, "साहेब, दोन किलोपर्यंत आले!" ते चक्रावले. सोबतच्या धाकट्या जावेनं सगळा प्रकार सांगितला, तसा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचं स्वतःचं वजन! पायावर उभं राहायचं होतं!" पंधरा दिवस पाण्यात गेले. पंचमीला सगळ्या गरगरत होत्या आणि मी खुर्चीत चरफडत. शेवटी जावेनं माझे दोन्ही हात धरून उभं केलं. "आक्का, लई झालं लोखंड, आता टाका पाय." थरथरत एक फेरी झाली, मुंगीच्या चालीनं. पायानं भार पेलला म्हणून जावेचे उपकार मानावेत, तर मी तिच्यावरच खेकसले, "जोरात फिर की गं!" सत्तरीत आता हसते पस्तिशीतल्या त्या बाईला, पण खरं सांगू, फिरायला हवंच होतं जोरात.