विहिरीतला फोन

पापडी गावात आमच्या ओळखीचे, केळीची वाडी असलेले एक काका आहेत. सकाळी ते फोन बादलीत ठेवतात आणि बादली विहिरीत अर्ध्यावर सोडून दोर बांधून टाकतात.

"खिशात असला की सारखा हात जातो. आता बघायचा तर ओढावा लागतो," असं सांगताना खांदा चोळतात. सुरुवातीला फार ओढला असणार.

परवा त्यांच्या फाटकातून मी त्यांना फोन लावला. विहिरीतून रिंगटोन अशी घुमली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. केळीला पाणी घालणारे काका दोराकडे धावले, तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"तूच ना रे?"

"हो."

"मग वाजू दे. ये, बस."

गप्पा रंगल्या आणि माझा फोन वाजला. काकांनी फक्त दुसरी बादली माझ्यापुढे सरकवली.