गल्लीपलीकडचं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे हे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पिंपळगाव रेणुकाईत आईनं डिंक आणून ठेवलेला, बाज विणून घेतलेली. इकडे जालन्यात, सासरी, मी बॅग भरत होते. तेवढ्यात आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार खाली आहे. पिशवीचं तोंडच झाकून बसलीय."

म्हणजे बाळाच्या वाटेतच वार आडवी! नॉर्मलचं नाव काढायचं नाही, नववा भरत आला की सिझर. वजन उचलायचं नाही, प्रवास तर बिलकुल नाही. "रक्त सुटलं तर दोघांच्या जिवाशी खेळ आहे. दवाखान्याजवळच राहायचं."

मी घाबरले, अन् घाबरले की मला हसू येतं. जुना रोग आहे. फोनवर सांगताना मी फिदीफिदी हसतेय अन् पलीकडे आई रडतेय. शेवटी अण्णांनी, माझ्या वडलांनी, फोन घेतला. "मंग आम्हीच येतो."

येणार कसे? अण्णांचा नेम होता, लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तीन वर्षं हा माणूस आमच्याकडे स्वतःची बाटली घेऊन यायचा. सासूबाई चिडायच्या, "आमच्या नळाला काय विष येतंय का?"

चौथ्या दिवशी टेम्पो आला. बाज, शेगडी, डिंक, माठ आणि आई. अण्णांनी आमच्या समोरचीच खोली भाड्यानं घेतली होती. "हे तुझं माहेर. चल."

बारा पावलांचं माहेर! तरी सासूबाईंनी रीतसर ओटी भरली, डोळ्याला पदर लावला, "जपून जा गं बाई" म्हणाल्या. अर्ध्या गल्लीत मला हसू फुटलं. मागून नवरा ओरडला, "हसू नको, वार हलंल!" मंग तर मी मेलेच. अख्खी गल्ली हसत होती.

त्यानंतर नवरा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सासुरवाडीला यायचा. अण्णा गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "प्रवासात काही तरास न्हाई ना झाला, जावईबापू?"

सिझरला आठवडा उरला होता. सकाळी चहा पिताना पायावर काहीतरी कोमट ओघळलं. लाल होतं. दुखत काहीच नव्हतं, पण थांबत नव्हतं. या वेळी मला हसू आलं नाही. आईनं दारातून हाक मारली, समोरून सासूबाई अनवाणी धावत आल्या, नवऱ्यानं रिक्षा थांबवली. काही मिनिटांत मी टेबलावर होते. पिंपळगावहून निघाले असते तर वाटेतलं भोकरदनसुद्धा आलं नसतं.

पुढचं सासूबाईंनी मला शंभरदा सांगितलंय. मला रक्त चढवायचं होतं, त्याच्या बदल्यात कुणीतरी द्यायचं होतं. सगळ्यांच्या आधी अण्णांनी बाही वर केली. परत येऊन ऑपरेशनच्या दारापुढं बाकावर बसले तर त्यांना घेरी आली. सासूबाईंनी घरून आणलेली पाण्याची बाटली पुढं केली. अण्णांनी मान हलवली.

"अहो, पडाल ना!"

"लेकरू होऊ द्या आधी."

"बाटलीभर रक्त देऊन आले अन् घोटभर पाणी घेईनात! काय म्हणावं या माणसाला?"

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. नर्स दारात आली. "मुलगी झाली. छान आहे."

सासूबाईंनी परत बाटली पुढं केली. नेम लेकरू होईस्तोवरचा होता अन् लेकरू तर झालं होतं. तरी अण्णांचा हात काही पुढं आला नाही.

"अन् माझी?" त्यांनी नर्सला विचारलं. "माझी पोरगी?"

"ती पण बरी आहे, बाबा. रक्त थांबलंय."

तेव्हा कुठं त्यांनी हात पुढं केला. "द्या आता, विहीणबाई." अख्खी बाटली एका दमात प्याले अन् तिथंच फरशीवर बसून लहान लेकरासारखे रडले.