मुहूर्ताच्या खुंटीवर एकसष्ट

कुर्बान मिस्त्रीची लेक नगमा अकोटहून अमरावतीला नोकरीला आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन ड्रेस होते आणि बापाचा जुना टेप. आकडे पुसट झालेला तो टेप तिच्या कामाचा नव्हता. राजापेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कुणी काही मोजत नसे. चार कॉम्प्युटर होते, अनुप सर होते आणि पडद्यावर खांब-भिंतींनिशी उभ्या राहणाऱ्या इमारती होत्या. तरी टेप तिच्या ड्रॉवरमध्ये असायचा. अम्मी म्हणजे हलीमाबी म्हणाली होती, "असू दे. घरचं काहीतरी जवळ असलं पाहिजे."

लागोपाठ तिसऱ्या वर्षी कापूस गेला होता, त्या वर्षी बोंडअळीनं. कापूस गेला की गावात कुणी घर बांधत नाही, माडी चढवत नाही, साधा ओटासुद्धा सारवून भागवतात. ज्याच्या हातून अर्ध्या अकोटच्या भिंती उठल्या होत्या तो कुर्बान सात महिने घरी बसून होता. रोज सकाळी थापी धुवायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. थापीला सिमेंट लागलेलंच नसायचं.

म्हणून धामणगाव रेल्वेजवळच्या कापसाच्या गोदामाचं काम ऑफिसात आलं, तेव्हा नगमानं आयुष्यात पहिल्यांदा कुणापाशी शब्द टाकला. ठेकेदार वामनराव नकाशा पाहायला आले होते. ती चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "आखणीले माझ्या अब्बाची टोळी लावून पाहा. त्यांची रेघ चुकत नाही." वामनरावांनी टोळी लावली.

आणि आज सकाळी अकराला त्यांचाच फोन आला. अनुप सरांनी तो स्पीकरवर टाकून नगमाच्या टेबलावर ठेवला.

"म्याडम, कालच्या तुमच्या जागांच्या यादीत एकसष्ट वस्तू मुहूर्ताच्या खुंटीवर हायेत. भिंती, तुळया, ओटे, सारे एका जागी. नारळाच्या डोक्यावर गोदाम उभं करू काय?"

मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्यात अब्बा नव्हते, ते कुठेतरी आखणीचं सूत हातात घेऊन उभे असणार, हे नगमाला न पाहता दिसलं.

"चार वाजेपर्यंत बरोबर यादी पाहिजे," वामनराव म्हणाले. "नाही आली तर वर्ध्याचा मिस्त्री बोलावतो. त्याचं मशीन हाय, त्याची माणसं हायेत. तुमच्या वडिलाची टोळी मी बसवून ठेवू शकत नाही."

फोन बंद झाला. अनुप सर रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "काहून झालं असं?" एवढंच विचारलं.

कसं झालं ते तिला ठाऊक होतं. दोनशे बारा वस्तूंच्या जागा हातानं लिहिण्याऐवजी तिनं एक स्क्रिप्ट लिहिली होती, कॉम्प्युटरला हुकूम देणाऱ्या ओळींची. स्क्रिप्ट प्रत्येक वस्तूला विचारायची, तू कुठे आहेस? वस्तू आपले आकडे सांगायची. एकशे एक्कावन्न वस्तूंनी सांगितले. एकसष्टांनी सांगितलं, नल. म्हणजे काहीच नाही. त्याच संध्याकाळी अनुप सर म्हणाले होते, "यादीत रिकामी घरं ठेवू नको, गिऱ्हाईक शंका घेते." तिनं रिकाम्या घरांत शून्य भरलं. शाळेपासून रिकामं आणि शून्य तिला एकच वाटत आलं होतं. पण या आराखड्यात शून्य म्हणजे एक खरी जागा होती. साइटची ईशान्येची पहिली खुंटी, जिला मालक हळद-कुंकू वाहतो, जिच्याशी नारळ फुटतो, आणि जिथून कुर्बान मिस्त्री हयातभर प्रत्येक माप घेत आला. तिनंच हौसेनं आराखड्याचं शून्य त्या खुंटीवर धरलं होतं. अब्बा तिथूनच मोजतात म्हणून.

साडेअकराला तिनं स्क्रिप्ट ओळीओळीनं तपासली. चूक सापडली नाही. फाइल बंद करून उघडली. पुन्हा एकसष्ट. बाराला तिनं एक कोरी फाइल घेतली, तीत एकच खांब उभा केला आणि एकच भिंत. खांबानं आकडे दिले. भिंत म्हणाली, नल. म्हणजे फाइल खराब नव्हती. नगमाला याची उलट भीतीच वाटली. फाइल खराब असती तर दुसरी केली असती. आता चूक तिच्या विचारण्यातच होती आणि दुसरं काय विचारायचं ते तिला माहीत नव्हतं.

शेजारच्या प्रियदर्शनीनं डबा उघडला, भाकरी पुढे केली. "खाय वं थोडं. उपाशीपोटी कॉम्प्युटर काही आयकत नाही."

"तुमचं आयकते काय खाल्ल्यावर?"

"माझं तर मीच आयकत नाही," प्रियदर्शनी म्हणाली आणि भाकरी तिच्या कीबोर्डजवळ ठेवून दिली. ती तशीच वाळली.

सव्वा वाजता अब्बांचा फोन आला. तिनं तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"बेटा, यादी कवा येते? पोट्टे सावलीत बसून हायेत."

"अब्बा, भिंतीची जागा निघून नाही राहिली. खांबाची निघते. भिंतीची निघतच नाही." तिला वाटलं आवाज सरळ आहे, पण तो नव्हता.

"भिंतीले जागा कोण पुसते?" कुर्बान म्हणाला. "खांब उभा रायते, त्याले एक खुंटी पुरते. भिंत तं जाते. इथून निंघते, तिथं पोचते. तिले दोन खुंट्या लागतात. मी तुले लहानपणी सूत धराले लावत होतो, इसरली काय?"

ती विसरली नव्हती. फक्त ते या खोलीत, या पडद्यासमोर उपयोगी पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिनं स्क्रिप्टमधला प्रश्न बदलला. भिंतीला आणि तुळईला जागा विचारायची नाही. तुझी रेघ कुठली ते विचारायचं, आणि मग त्या रेघेची दोन टोकं. पावणेतीनला बावन्न वस्तू बोलल्या. दोन-दोन टोकं, दशांश चिन्हांसकट.

नऊ उरल्या. ते ओटे होते, मालट्रक लावायचे. ओट्याला ना एक खुंटी, ना एक रेघ. तो नुसता पसरलेला असतो. आता पुन्हा फोन करायची तिची हिंमत नव्हती. तिनं डोळे मिटून अकोटच्या घरापुढचा ओटा आठवला, अब्बा त्याचे कोपरे धरून कसे बसायचे ते आठवलं. मग तिनं ओट्यांचे चार बाजूंचे कोपरे मागवले. आठ ओटे नीट बसले. नववा तिरपा होता, रस्त्याच्या वळणाला धरून, आणि स्क्रिप्ट त्याच्याभोवतीची सरळ चौकटच सांगत राहिली. घड्याळात तीन छप्पन्न झाले होते. आठ ओट्यांनिशी यादी पाठवावी असं एकदा मनात आलं. पण नवव्याचं घर रिकामं राहिलं असतं किंवा शून्य, आणि दोन्ही तिच्यानं होईना. तिनं त्या ओट्याचा एकेक कोपरा पडद्यावर बोटानं दाखवल्यासारखा टिपून हातानं लिहिला.

यादी गेली तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. यादीत एकही नल नव्हतं आणि खुंटीवर एकही वस्तू नव्हती. वामनरावांनी फोन उचलला नाही. अनुप सर म्हणाले, "पोचली असंन." कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

सहाला अब्बांचा फोन आला. मागे माणसांचे अनोळखी आवाज होते.

"यादी बरोबर आली बेटा. पाह्यली मी."

"मग?"

"वर्ध्याचा मिस्त्री सव्वाचारले पोचला होता, वामनरावनं त्याले आधीच बोलावून ठेवलं होतं. पोट्टे अकोटच्या एसटीत बसून गेले. मले ठेवलं वामनरावनं."

"मिस्त्री म्हणून?"

कुर्बाननं तिकडे कुणाला तरी "आलो" म्हटलं.

"अब्बा, कालचे शून्य मी भरले होते."

"मालूम हाय. वामनराव मोठ्यानं बोलते." मग तो म्हणाला, "तुझ्या यादीवरच आखून राहिला वर्ध्याचा मिस्त्री. भला पोट्टा हाय, पंचवीसेक वर्साचा असंन. एक टोक तो धरते."

"आणि दुसरं?"

"सूत तंग करून राहिलो," कुर्बान म्हणाला. "ठेव आता. हात मोकळा नाई."

फोन ठेवल्यावर नगमानं ड्रॉवर उघडला. टेप काढला नाही, फक्त तो तिथे आहे हे पाहिलं आणि ड्रॉवर बंद केला. पडद्यावर गोदाम तसंच उभं होतं. त्याच्या पहिल्या भिंतीची रेघ खुंटीजवळून निघून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती.